मांडी घालून बसायचं डायनिंग टेबल

"डिनर सेट नाय, लेमन सेट नाय, आन् भिंतीवरचं घड्याळ तर मुळीच नाय," कोथिंबिरीची जुडी करकचून बांधत लहानूमामांनी जाहीर केलं.

"मग राहिलं काय? ही कोथिंबीर द्या पोरीला आहेरात," झुंबरमामी म्हणाल्या.

"थट्टा करू नको. मी लय गंभीर हाय."

मामा गंभीर होते हे खरंच. त्यांनी आवळलेली जुडी मधोमध तुटून त्यांच्या हातात आली होती. मखमलाबादला मामांचा भाजीपाल्याचा मळा होता, आणि या मळ्यातच त्यांची भाची मनीषा लहानाची मोठी झाली होती. तिचे आईबाप ती चालायला लागायच्या आत गेले, तेव्हापासून मामा-मामीच तिचे आईबाप. आता तिचं लग्न ठरलं होतं. लग्न मामाच लावून देणार होते, पण लग्नाचा खर्च वेगळा आणि मामाचा आहेर वेगळा, असं त्यांचं पक्कं मत होतं. आहेर म्हणजे आपण दिलेली एक अशी वस्तू, की जी पोरीच्या घरात रोज दिसली पाहिजे.

बरं, जोडी अशी जमली होती की आहेर निवडायला खरं तर सोपं जायला हवं होतं. दोघांनाही माणसांचं भारी वेड. मनीषाच्या तावडीतून मळ्याच्या वाटेनं जाणारा माणूस चहा घेतल्याशिवाय सुटत नसे. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला वायरमन पोटभर जेवून गेला आणि मीटर बघायचं राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी परत आला. दुसऱ्या दिवशीही जेवूनच गेला. मीटर कधी बघितलं देव जाणे. आणि नवरा मुलगा महेश? तो अंबडला कंपनीत होता. सिडकोतल्या समाधान अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहायचा आणि त्याच्या घराच्या दाराला आतून कडी आहे, हेच शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मुलगी बघायला आला तोच मुळी टेम्पोभर मित्र घेऊन. मनीषानं त्या दिवशी मुलाकडे धड पाहिलंसुद्धा नाही, पोह्यांचं पातेलं पुरतंय का एवढंच ती पाहत होती. महेशनं ते ओळखलं. उठला, तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि स्वतःच वाढायला लागला. लग्न तिथंच ठरलं, बाकीची बोलणी नुसती रीत म्हणून.

एवढं सगळं गोडीगुलाबीचं असताना मामांच्या डोक्यात किडा शिरला तो साखरपुड्याच्या जेवणात.

साखरपुडा शहरातल्या हॉलमध्ये झाला आणि जेवण टेबल-खुर्चीवर होतं. मामा जन्मात कधी पाय लोंबकळत ठेवून जेवले नव्हते. पाय खाली सोडले की त्यांचा घास घशातच अडायचा. दोन घास त्यांनी पाण्याबरोबर ढकलले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. खुर्ची लोखंडी होती, घडीची. तिला वाटलं कार्यक्रम संपला. ती मिटली, आणि मामा तिच्यात मिटले.

हसू कुणाला आवरणार? महेशची आत्या भागीबाई खास सटाण्याहून आली होती. मानापानाला कडक म्हणून तिची ख्याती. ती तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. महेश आणि मनीषा मात्र धावत आले. दोघांनी मिळून मामांना खुर्चीतून सोडवलं, त्यांचं धोतर झटकलं, दुसरं ताट आणलं. पण मामांची भूक मेली होती.

परतताना टेम्पोत ते मामींना म्हणाले, "त्या दोघांच्या घरात रोज पाव्हणे असणार. शहरातली माणसं, टेबलावर बसणारी. आपण गेलो की पोरीला प्रश्न पडंल, मामाला बसवायचं कुठं? तिला प्रश्न पडलेला आपल्याला दिसंल. मग आपण एक रविवार नाय जाणार, दोन रविवार नाय जाणार..."

"काय बी मनात आणता!" मामी म्हणाल्या.

"नाय गं. भीती वाटती मला," मामा म्हणाले. असं ते तीस वर्षांच्या संसारात कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला लागले. आधी भांडी बाजार पालथा घातला. दुकानदारानं मोठ्या हौसेनं काचेचा डिनर सेट मांडला. "घ्या मामा. लग्नात आजकाल हाच चालतो."

"चालतो म्हंजी कुठवर चालतो? माळ्यापर्यंतच ना?"

"शोकेसमध्ये काय दिसतो म्हणता!"

"तिच्याकडं माणसं जेवाया येतात, बघाया नाय येत. दुसरं दाखव."

दुकानदारानं लेमन सेट काढला. मामांनी त्यातला पेला दोन बोटांत धरून उन्हाकडे पाहिलं. "एवढ्यात डोळ्यांचं औषध देतात. माझी भाची सरबत तांब्यानं पाजती."

"मग तुम्हीच सांगा, काय पाहिजे?"

"ते कळलं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?" असं म्हणून मामांनी त्याच दुकानदाराचा चहा घेतला आणि घरी आले.

शेवटी त्यांनी मनीषालाच आडून विचारलं. ती वांगी निवडत होती. म्हणाली, "मामा, तू काही देऊ नकोस. तू नुसता येत जा."

"ते येईन गं. पण महेशला कशाची हौस हाय?"

"त्याला ना, एकच वाटतं. सगळ्यांनी एका वेळी, एका जागी बसून जेवावं. आत्ता कसं होतं, दोघं कॉटवर, तिघं खाली, एक जण ओट्याला टेकून उभा. वाढणारा पार दमून जातो. टेबल घ्यायचं म्हणतोय तो, पण मीच नको म्हटलं."

"का बरं?"

"तू जेवशील का टेबलावर?" मनीषा म्हणाली आणि पुढचं वांगं उचललं.

मामांना त्या क्षणी साक्षात्कारच झाला! टेबल द्यायचं. पण असं टेबल, की ज्याच्या खुर्च्यांवर ऐसपैस मांडी घालून बसता येईल. शहरातल्यांनी पाय सोडून बसावं, मामांनी पाय घेऊन बसावं, कुणाचं कुणाला अडू नये. ते तडक गावातल्या चंदर सुताराकडे गेले.

"खुर्ची केवढी करू?" चंदरनं विचारलं.

मामांनी त्याच्या ओट्यावर फतकल मारली. "एवढी. भोवती कोळसा फिरव."

चंदरनं मामांच्या मांडीभोवती कोळशानं रेघ ओढली. ती एवढी मोठी आली की दोघेही थोडा वेळ बघत राहिले. मामांच्या घरात त्यांना कुणी लहानू म्हणून हाक मारली की नवखा माणूस दुसऱ्याच कुणाला तरी शोधायचा, अशी मामांची शरीरयष्टी.

"ही खुर्ची नाय, चौरंग झाला," चंदर म्हणाला. "अशा आठ मांडायच्या तर टेबल पलंगाएवढं लागंल."

"लागू दे. बांधावरची बाभळ पाडलेली हाय, वाळून खडखडीत झालीय. आन् ऐक, घडीचं काय नको, नटबोल्ट नको. उघडझाप व्हणारी वस्तू मला डोळ्यांसमोर नको. एकसंध कर."

हे शेवटचं वाक्य चंदरच्या काळजालाच भिडलं. तो जुन्या वळणाचा सुतार. नटबोल्टच्या फर्निचरवर त्याचा दात होता. "मामा, असे सांधे बसवतो की हत्ती बसला तरी हलायचा नाय. पण घराचं माप घेतलंय का?"

ते मामा विसरणारे नव्हते. दोन दिवसांनी वांग्यांची पिशवी घेऊन ते समाधान अपार्टमेंटमध्ये हजर झाले. महेश कंपनीत होता, त्याची आई सुलाबाई चहा करायला आत गेल्या. मामांनी खिशातून सुतळी काढून दाराची रुंदी घेतली, गाठ मारली, उंची घेतली, गाठ मारली. खोलीची लांबी मोजायला सुतळी पुरेना, तेव्हा मामा सरळ फरशीवर आडवे झाले. एक मामा झाला, मग सरकून दुसरा मामा, आणि तेवढ्यात चहा आला.

"अगं बाई! दादा, चक्कर आली का?"

"नाय नाय. फरशी गार हाय का बघत होतो."

पाहुणचाराचं घर ते! सुलाबाईंनी लगेच उशी आणली, पांघरूण आणलं, पंखा मोठा केला, आणि मामांना दुपारभर तिथं झोपून राहावं लागलं. पण माप मिळालं. टेबल दारातून आडवं करून जात होतं, खोलीत बसत होतं, भोवती खुर्च्या मावत होत्या. कुठं म्हणून चूक नाही.

चूक होती ती एकच. आता मामांचं घर म्हणजे ओटा, उंबरा आणि आत घर. त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात कुणाकडेही वस्तू न्यायची म्हणजे गाडीतून उतरवायची आणि दारातून आत सरकवायची. महेशच्या घरी जाताना मामा जिना चढून जात होते, उतरून येत होते, पण जिना हा नुसता माणसांनी चढायचा नसतो, तो मोजायचाही असतो, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं. चंदरलाही नाही सुचलं. त्याचं दुकानही ओट्यावरच होतं.

लग्नाला अजून पंधरवडा होता, तेव्हा महेशनं आपल्या घरी रसाचं जेवण ठरवलं. आंब्याचे दिवस, रविवार, कंपनीतले मित्र, सटाण्याची भागीआत्या आणि मामा-मामी. रस सुलाबाईंकडे, पोळ्या मामींकडे, अशी वाटणी झाली. मनीषा सकाळीच आंबे पिळायला म्हणून जाऊन बसली. मामींना हे पटलं नव्हतं, पण खुद्द सुलाबाईंनीच बोलावलं म्हटल्यावर काय बोलणार? मामांनी ठरवलं, हाच मुहूर्त. लग्नाच्या गर्दीत आहेर कोण बघतो? सगळे जेवायला बसायच्या वेळी टेबल आत आलं पाहिजे, आणि पहिली पंगत त्यावर उठली पाहिजे.

टेम्पो समाधान अपार्टमेंटसमोर थांबला. मामा, चंदर आणि त्याचे चार गडी उतरले. मामी पोळ्यांचा मोठा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्याही उतरल्या. खुर्च्या डोक्यावर घेऊन गडी वर जायला लागले. चार खुर्च्या वर गेल्या, उरलेल्या चार पहिल्या मजल्यावर टेकवल्या. वरून महेशचा आवाज आला, "मामा, हे काय आणलंत?"

"तुमचा आहेर! खाली येऊ नका. दार उघडं ठेवा," मामांनी जोरात सांगितलं. मग टेबलाला हात घातला.

पहिला मजला झोकात पार पडला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळत होता. तिथं टेबलानं वळायचं नाकारलं. गड्यांनी ते उभं केलं. उभं केल्यावर त्याचे दोन पाय कठड्याच्या जाळीत गेले, आणि उरलेले दोन भिंतीला टेकले.

"पुढं घ्या," मामा म्हणाले.

टेबल पुढं गेलं नाही.

"मग मागं घ्या."

टेबल मागंही आलं नाही. चंदरनं पाय जाळीतून काढायला जोर लावला, तर ते आणखी आत गेले. आणि सांधे? सांध्यांनी हूं की चूं केलं नाही. हत्ती बसला तरी हलणार नाही असं चंदर म्हणाला होता, ते शब्द त्यानं खरे करून दाखवले होते.

"पाय सोडव त्याचे," मामा म्हणाले.

"सुटायचे नायत मामा. एकसंध करा म्हणलात ना?"

आता परिस्थिती अशी की जिना बंद. वर महेश, मनीषा, सुलाबाई, निम्मे मित्र, चार खुर्च्या आणि रस. खाली मामा, मामी, उरलेले मित्र, चार खुर्च्या आणि पोळ्या. मध्ये टेबल.

"दादा, रस काढून ठेवलाय, काळा पडेल हो!" सुलाबाई वरून ओरडल्या.

"पोळ्या बी गार व्हायल्यात!" मामी खालून ओरडल्या.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा राजू कंपनीच्या गणवेशात खाली आला. त्याची दुसरी पाळी होती आणि बस फाट्यावर यायची वेळ झाली होती. टेबल बघून तो थबकला, मग डबा पुढे सरकवला आणि टेबलाच्या पायांमधून रांगत बाहेर आला. उठून बघतो तर समोर मामी.

"न जेवता कामावर चाललास? धर." मामींनी त्याच्या हातावर दोन पोळ्या ठेवल्या.

"काकू, बस जाईल..."

"मग चालता चालता खा." राजू पोळ्या खात बससाठी पळाला. त्याचं पाहून महेशचे खालचे मित्र रांगत वर जायला निघाले. मामांना ते बघवेना. त्यांच्या आहेराखालून पाव्हणे चौपायांवर चालले होते!

आणि नेमक्या याच वेळी खालून भागीबाईंचा अहिराणीतला आवाज आला. "हाई काय शे?"

साखरपुड्याला हसणारी ती आत्या, सटाण्याच्या एस.टी.तून उतरून, हातात पिशवी, कपाळावर घाम, जिन्यात उभी. तिनं टेबलाकडे पाहिलं, रांगणाऱ्या पोरांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. "मी काय रांगीसन जासू का?" असं म्हणून तिनं पिशवी दाणकन खाली ठेवली.

"नाय आत्याबाई! तुम्ही कशाला रांगायचं?" मामांचा आवाज चढला. "चंदर, करवत आण!"

"मामा..."

"करवत आण म्हणतो! दोन तुकडे कर आन् काढ बाहेर. पोरीच्या सासरचं माणूस जिन्यात उभं हाय."

चंदरनं करवत पाठीमागं लपवली. "माझ्या पायावर चालवा करवत. टेबलावर नाय चालवू देणार."

"मग माझ्याकडं दे!"

मामांनी करवत हिसकावून घेतली, धोतराचा सोगा खोचला आणि टेबलाच्या पायाला करवत लावली. वरून टेबलाच्या कडेवर मनीषाचं तोंड दिसलं. "मामा, थांब! कापू नकोस!"

"बाजूला हो मनी. माझी चूक झाली. पुरती फजिती झाली. आता तुझ्या घरी यायला मला तोंड राहिलं नाय." हातानं करवत ओढायला सुरुवात केलीच होती. बाभूळ ती, वाळलेली. करवतीचे दात घसरत होते आणि लाकडावर ओरखडासुद्धा उठत नव्हता.

या गडबडीत भागीबाईंकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिनं आजूबाजूला बसायला काही आहे का पाहिलं. वळणाच्या खाली, पहिल्या मजल्यावर मामांच्या चार खुर्च्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. ती एका खुर्चीवर टेकली. मग तिनं खुर्ची हातानं चाचपली. मग एक पाय वर घेतला. मग दुसरा. ऐसपैस मांडी घातली आणि मोठ्यानं म्हणाली, "आरे वा! हाई खुर्ची चांगली शे!"

मामांचा हात थांबला.

"कुणी केली रे?" भागीबाईंनी विचारलं. "साखरपुड्याला तुम्ही पडलात ना भाऊ, मी हसले. पण माझ्या बी पायाला मुंग्या आल्या होत्या तिथं. उपाशीच गेले मी सटाण्याला. बाई माणूस, मांडी घालायची हिंमत नाय झाली. तुम्ही घातली." मग तिनं मामींकडे पाहून हात पुढे केला. "वहिनी, डबा उघडा. लय भूक लागलीय."

मामी आजवर जेवणाला कुणालाच नाही म्हटल्या नव्हत्या, मग भागीबाईंना कशा म्हणणार? त्यांनी डबा उघडला. भागीबाईंनी पोळी हातात घेतली आणि वर बघून हुकूम सोडला, "महेश, रस दे खाली!"

महेशनं रसाची वाटी टेबलाच्या कडेवरून खाली दिली. मनीषानं वरून पुढची वाटी भरली. मामींनी खालून पोळ्यांची चवड वर दिली. टेबल उभं होतं, त्यामुळे त्याच्यावर काही ठेवता येत नव्हतं, पण त्याच्यावरून देता येत होतं. मित्र पायऱ्यांवर बसले. एका पायरीवर दोघं, पुढच्या पायरीवर दोघं, पंगत वर चढत दुसऱ्या मजल्यापर्यंत आणि खाली उतरत पहिल्या मजल्यापर्यंत गेली. पहिल्या मजल्यावरची माणसं आवाज ऐकून बाहेर आली, त्यांना महेशनं वरूनच बसायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे आपापल्या वाट्या घेऊनच उतरले.

"मामा, बघताय ना?" महेश टेबलाच्या वरून डोकावून ओरडला. त्याच्या नाकाला रस लागला होता. "सगळे एका वेळी जेवतायत! माझ्या घरात इतकी माणसं बसलीच नसती!"

मामा करवत हातात धरून उभे होते. चंदरनं ती हळूच काढून घेतली आणि त्यांच्या हातात वाटी दिली.

जेवणं झाल्यावर आठ-दहा जणांनी टेबलाला पुन्हा हात लावला. वर जायचं नाव त्यानं काही केल्या घेतलं नाही. मग चंदरनं ते थोडं उचलून उलटं फिरवलं आणि खाली ओढलं, तर सुरसुरत तळमजल्यापर्यंत आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेबल कुठं राहायला तयार आहे, हे आता स्पष्टच होतं. ते टेम्पोत चढलं आणि मखमलाबादला मामांच्या ओट्यावर जाऊन बसलं. खुर्च्याही गेल्या. एक तेवढी भागीबाई एस.टी.च्या टपावर टाकून सटाण्याला घेऊन गेली. माझ्या घरी मला उपाशी राहायचं नाही, म्हणाली.

लग्न थाटात झालं. मामानं काय आहेर दिला, असं कुणी विचारलं की मनीषा सांगायची, "डायनिंग टेबल दिलंय आम्हाला. मामाच्या ओट्यावर असतं." आणि टेबल आपलं आहे म्हटल्यावर ते वापरायला नको? पहिल्याच रविवारी महेश-मनीषा आले, बरोबर चार माणसं. पुढच्या रविवारी सहा. मग ठरूनच गेलं. शनिवारी शेजारच्यांच्या फोनवर महेशचा निरोप यायचा, "मामा, उद्या आम्ही जेवायला बोलावलंय. तुमच्याकडे."

"आहेर त्यांना आन् भांडी मला," असं मामी दर रविवारी म्हणायच्या आणि दर रविवारी मोठंच पातेलं काढायच्या. मामा पहाटे मळ्यातून ताजी भाजी तोडायचे, ओटा झाडायचे, पाणी भरायचे. महेश वाढायचा, मनीषा आग्रह करायची, पाव्हणे त्या दोघांच्या आदरातिथ्याची तोंड फाटेपर्यंत स्तुती करायचे. मांडी घालणारे मांडी घालायचे, पाय सोडणारे पाय सोडायचे. मामांना या सगळ्या धावपळीत बसायला सवडच मिळत नव्हती. ते मागून जेवून घ्यायचे.

आषाढातल्या एका रविवारी महेशनं कंपनीत नव्यानंच लागलेला एक मुलगा आणला. विंचूरकडचा, लाजरा, सभ्य. त्यानं महेश-मनीषाच्या हातचं पोटभर जेवण केलं. तांब्या घेऊन टेबलाभोवती फिरणारे मामा त्याला सारखे दिसत होते. धोतर, खांद्यावर पंचा, कपाळावर घाम. न राहवून त्यानं आपल्या खुर्चीत सरकून जागा केली आणि मामांचा हात धरला.

"काका, तुम्ही कधीचे उभे आहात. बसा ना इथं. आणि लाजू नका हां, आपलंच घर समजा."

महेशला ठसका लागला. मनीषानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मामी चुलीपाशी पाठ करून हसायला लागल्या.

मामांना मात्र हसू आलं नाही. पोरीच्या टेबलावर पोरीच्या पाव्हण्यानं त्यांना हाताला धरून बसवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पंच्यानं पुसलं. "समजतो की, भाऊ," असं म्हणून ते त्याच्या शेजारी बसले, आणि त्या मुलानं फारच आग्रह केला म्हणून एक पोळी जास्त जेवले.